मूत्रल औषधे आणि उतारवयातील स्त्रियांची हाडे

रक्तदाबासाठी अथवा पायांवरील सुजेसाठी डॉक्टर ज्या गोळ्या देतात, त्यांना आपल्याकडे सरसकट 'लघवीच्या गोळ्या' म्हटले जाते. वैद्यकाच्या परिभाषेत ही मूत्रल औषधे होत. शरीरातील जादा मीठ व पाणी मूत्रावाटे बाहेर काढणे हे त्यांचे काम, आणि ते इतके उघड दिसते की या सर्व गोळ्या सारख्याच, असा समज घरोघर रूढ झाला आहे. मीठ आणि पाणी यांच्यापुरता तो फारसा चुकीचाही नाही. परंतु पन्नाशी उलटलेल्या स्त्रीच्या हाडांचा प्रश्न निघतो, तेव्हा हाच समज महागात पडू शकतो. कारण या गोळ्यांचे दोन प्रमुख वर्ग कॅल्शियमच्या बाबतीत एकमेकांच्या अगदी विरुद्ध वागतात.

मूत्रपिंडात गाळला गेलेला द्रव सूक्ष्म नलिकांतून वाहत असताना त्यातील उपयुक्त क्षार पुन्हा रक्तात ओढून घेतले जातात. फ्युरोसेमाइड, ब्युमेटॅनाइड ही औषधे या नलिकेच्या 'हेन्लेचा पाश' नावाच्या वळणावर मिठाचे हे पुनःशोषण अडवतात. त्याच ठिकाणी कॅल्शियमही परत घेतले जात असल्यामुळे मिठाबरोबर तेही वाहून जाते. याउलट हायड्रोक्लोरोथायाझाइड, क्लोरथॅलिडोन ही थायाझाइड गटातील औषधे नलिकेच्या पुढील भागात काम करतात, आणि त्यांच्यामुळे मूत्रावाटे जाणारे कॅल्शियम घटते. मुतखड्याचा त्रास वारंवार होणाऱ्या काही रुग्णांना ही गोळी दिली जात आली, ती याच गुणासाठी.

रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन या संप्रेरकाचे संरक्षण नाहीसे होते आणि हाडांची झीज त्यांच्या भरणीपेक्षा वेगाने होऊ लागते. पाश्चात्त्य देशांत रजोनिवृत्तीचे सरासरी वय ५१ च्या आसपास असते. भारतात ते चार-पाच वर्षे अलीकडे आहे. म्हणजे आपल्याकडील स्त्रीच्या हाडांची ओहोटी आधी सुरू होते. भरपूर ऊन असलेल्या या देशात 'ड' जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते, ही त्यात भर. रक्तदाब आणि हृदयविकारही नेमके याच वयात डोके वर काढतात.

प्रत्यक्ष पुरावा काय सांगतो? डेन्मार्कमध्ये रजोनिवृत्त आणि हाडांची घनता कमी असलेल्या ८७ स्त्रियांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्या स्त्रियांना वर्षभर ब्युमेटॅनाइड, तर उरलेल्यांना औषध नसलेली तशीच गोळी देण्यात आली. कॅल्शियम व 'ड' जीवनसत्त्व मात्र सर्वांना मिळत होते. तरीही औषध घेणाऱ्यांच्या खुब्याच्या हाडाची घनता दुसऱ्या गटाच्या तुलनेत सुमारे २ टक्क्यांनी घटली. अमेरिकेतील 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या प्रचंड पाहणीचे २००९ मधील विश्लेषण अधिक सावध आहे. सुमारे १ लाख ३३ हजार स्त्रियांमध्ये, इतर आजारांचा हिशेब वजा केल्यावर, अशी गोळी घेणाऱ्यांची हाडे एकंदरीत जास्त मोडत असल्याचे दिसले नाही. पण ती तीन वर्षांहून अधिक काळ घेणाऱ्यांत अस्थिभंगाचे प्रमाण वाढलेले आढळले. तेव्हा खरा प्रश्न गोळी घेतली की नाही एवढाच नसून ती किती वर्षे चालू राहिली, हाही आहे.

थायाझाइडची बाजू उजळ आहे. न्यूझीलंडमधील १८५ रजोनिवृत्त स्त्रियांवरील दोन वर्षांच्या प्रयोगात (२०००) हायड्रोक्लोरोथायाझाइडने हाडांची झीज काहीशी मंदावली. 'ऑलहॅट' या रक्तदाबविषयक मोठ्या चाचणीच्या २०१७ मधील विश्लेषणात, क्लोरथॅलिडोन घेणाऱ्या स्त्री-पुरुषांत खुबा व कटी यांचे अस्थिभंग, अम्लोडिपिन किंवा लिसिनोप्रिल घेणाऱ्यांपेक्षा २१ टक्क्यांनी कमी आढळले. म्हणून थायाझाइड हे हाडांचे औषध ठरते असे मात्र नव्हे. त्यामुळे रक्तातील सोडियम घसरू शकते, आणि मग थकवा, गोंधळ, तोल जाणे; वृद्ध स्त्रीला पडायला एवढे पुरते. शिवाय दुकानातून आपणहून आणलेल्या कॅल्शियमच्या आणि 'ड' जीवनसत्त्वाच्या गोळ्या त्याच्या जोडीला घेतल्यास रक्तातील कॅल्शियम प्रमाणाबाहेर वाढण्याचा धोका असतो.

फ्युरोसेमाइडला खलनायक ठरवणेही अन्यायाचे होईल. हृदय कमकुवत होऊन फुप्फुसांत पाणी साचते तेव्हा या गोळीला पर्याय नसतो, आणि हाडांच्या भीतीने ती परस्पर बंद करणे म्हणजे जीव धोक्यात घालणे होय. आक्षेप आहे तो कारण संपल्यावरही चालू राहणाऱ्या गोळीला. अम्लोडिपिन या रक्तदाबाच्या लोकप्रिय औषधाने अनेकांचे घोटे सुजतात. ही सूज शरीरात पाणी साठल्याची नसते. सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरल्याची असते, आणि लघवीच्या गोळीने ती फारशी उतरत नाही. तरीही एका औषधाच्या दुष्परिणामावर दुसरे औषध लिहिले जाते. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातील वृद्धांच्या नोंदींवरून २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ही साखळी स्पष्ट दिसून आली. आपल्याकडे तर जुनी चिठ्ठी दाखवून तीच गोळी वर्षानुवर्षे आणली जाते, आणि ती मुळात कशासाठी सुरू झाली होती हे घरात कोणाला आठवतही नाही. आईची गोळी मुलगा आणतो, औषधविक्रेता देतो. तिला स्वतःला कोणी काही विचारत नाही.

पुढच्या तपासणीच्या वेळी गोळ्यांची पाकिटेच डॉक्टरांसमोर ठेवणे, हा यावर साधा उपाय आहे. गोळी कोणत्या गटातली, किती वर्षांपासून चालू, सूज अम्लोडिपिननंतर आली का, पूर्वी हाड मोडले होते का, घनतेची तपासणी करावी का, हे प्रश्न दहा मिनिटांत सुटतात. गोळी घेण्याच्या वेळेचीही चौकशी व्हावी. संध्याकाळी घेतलेल्या गोळीमुळे रात्री दोन-तीनदा उठावे लागते, आणि अंधारात, झोपेच्या गुंगीत, ओल्या फरशीवरून न्हाणीघराकडे जाताना पाय घसरतो. तीच गोळी डॉक्टरांच्या संमतीने सकाळी घेतली, तर हे उठणे बरेचसे टळते.