मायनस नंबर आणि तीन लेझर

चष्म्याचा मायनस नंबर घालवणारं लेझर चालतं ते कॉर्नियावर, म्हणजे बुबुळापुढच्या पारदर्शक पडद्यावर. त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्यातलाच थोडा भाग काढून त्याचा फुगीरपणा कमी करायचा. लॅसिकमध्ये वरचा पापुद्रा झाकणासारखा उचलतात, खाली लेझर मारतात, पापुद्रा परत बसवतात. बहुतेकांना दुसऱ्याच दिवशी छान दिसतं. पण जोराचा मार लागला तर हा पापुद्रा काही वर्षांनीही सरकू शकतो. म्हणून कुस्ती-कबड्डी खेळणाऱ्यांना जुनी पीआरके पद्धतच बरी: तिथे पापुद्राच नसतो, मात्र तीन-चार दिवस डोळे चांगलेच चुरचुरतात. स्माइलमध्ये दोन ते चार मिलिमीटरच्या छेदातून लेझरने कॉर्नियाच्या आत कापलेली चकती ओढून काढतात. नंबर वर्षभर स्थिर नसेल तर घाई करू नका; केराटोकोनस (कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा फुगण्याचा आजार) असेल, तर हे लेझर टाळाच.