पृष्ठांक : विचाराचा सातबारा

गव्हाणच्या माणसाला सातबारा म्हणजे काय, हे शिकवावे लागत नाही. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी पनवेल-उरणच्या गावांतील जमिनी संपादित होऊ लागल्या. तेव्हापासून इथल्या घराघरांत एक गोष्ट पक्की झाली आहे. ‘आमची जमीन त्या बांधापलीकडे होती’ एवढे सांगून भागत नाही. सर्व्हे नंबर सांगावा लागतो, हिस्सा नंबर सांगावा लागतो. नंबर नसला की खरा हक्कदारही कचेरीच्या दारात खोटा ठरतो.

विचारांचेही असेच आहे. जयंतीच्या फलकावर, भाषणात, लेखात आपण ‘बाबासाहेबांनी म्हटले आहे’ असे लिहून मोकळे होतो. त्यांतील काही वाक्ये त्यांची असतात, काही नसतात. ग्रंथ आणि पृष्ठ यांचा पत्ता नसला की दोन्ही सारखीच दिसतात. मग विरोधकाला मुद्द्याचे उत्तर द्यावे लागत नाही. ‘हे कुठे लिहिले आहे?’ एवढा प्रश्न त्याला पुरतो. ज्यांचे लेखन ‘भावनिक’ म्हणून बाजूला सारले जाते, त्यांनी तर हा पत्ता देण्यात कसूर करताच कामा नये. खुद्द बाबासाहेबांनी ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ या १९४६ च्या ग्रंथात तळटिपा देऊन आधार दाखवले आहेत.

आता प्रश्न उरतो तो हे काम बिनचूक करण्याचा. शे-दीडशे पानांच्या प्रबंधात हाताने संदर्भ लिहिताना चुका होतातच. एक टीप मध्ये घातली की पुढचे सगळे आकडे सरकतात. त्यासाठी पॅनडॉक ही संगणक-प्रणाली उपयोगी आहे. जॉन मॅकफार्लेन या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाने ती २००६ साली प्रसिद्ध केली. ती विनामूल्य आहे. लेखन साध्या मजकुराच्या फाइलमध्ये करायचे असल्यामुळे जुना, स्वस्त संगणकही चालतो.

तिची रीत अशी. ग्रंथांची यादी वेगळ्या फाइलमध्ये एकदाच करायची आणि प्रत्येक ग्रंथाला एक खूणनाव द्यायचे. लेखात जिथे आधार द्यायचा तिथे चौकटी कंसात ‘अ‍ॅट’चे चिन्ह, खूणनाव, स्वल्पविराम आणि पृष्ठांक लिहायचा :

[@आंबेडकर१९७९, ५७]

खूणनाव आणि आकडे यंत्रावर रोमन लिपीत टंकणे सोयीचे. इथे केवळ वाचकासाठी देवनागरीत दिले आहेत आणि पृष्ठांक नमुन्यादाखल आहे. आकड्याआधी काहीच लिहिले नाही तर प्रणाली त्याला पृष्ठच समजते. प्रकरण किंवा विभाग सांगायचा असेल तर त्याचे इंग्रजी नाव किंवा संक्षिप्त रूप आधी लिहावे लागते. आकड्यानंतर ‘भर माझा’ असे चार शब्दही जोडता येतात.

इथे एक खाचखळगा आहे. स्वल्पविरामानंतर ‘१९३६ च्या भाषणात’ असे लिहिले, तर १९३६ हे सालच पृष्ठांक म्हणून छापले जाईल! तसे होऊ नये म्हणून खूणनावाला लागून रिकामा महिरपी कंस द्यायचा :

[@आंबेडकर१९७९{}, १९३६ च्या भाषणात]

संदर्भ तळटिपेत यावा की कंसात, हे शैलीची वेगळी फाइल ठरवते. दुसऱ्या नियतकालिकाची पद्धत निराळी असेल तर फक्त ती फाइल बदलायची; लेखाला हात लावावा लागत नाही. इंग्रजी खुणेऐवजी ‘पृ.’ हवे असेल तर तेही त्या फाइलमध्ये एकदा नोंदवून ठेवता येते.

परंतु आवृत्तीचे काय? ‘जातिसंहार’ या नावाने आपण ओळखतो तो इंग्रजी निबंध १९३६ साली प्रसिद्ध झाला. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत गांधीजींशी झालेला वाद आला. १९७९ साली महाराष्ट्र शासनाच्या पहिल्या खंडात, वसंत मून यांच्या संपादनाखाली, तो पुन्हा छापला गेला. मराठी अनुवाद वेगळेच. एकाच वाक्याचा पृष्ठांक प्रत्येक ठिकाणी निराळा! म्हणून हाताशी आहे त्याच आवृत्तीला खूणनाव द्यावे आणि तिचाच पृष्ठांक लिहावा. एकाची आवृत्ती आणि दुसऱ्याच्या लेखातून उचललेला पृष्ठांक, ही भेसळ करू नये.

बाबासाहेबांच्या निर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात ही अडचण कमी होते. त्यात खंड, भाग, विभाग अशी मांडणी असून परिच्छेदांना क्रमांक आहेत. तो पत्ता दिला की वाचकाजवळ कोणतीही आवृत्ती असो, जागा सापडते. हा पत्ता रिकाम्या महिरपी कंसानंतर साध्या शब्दांत लिहावा.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवली पाहिजे. यंत्र आकडा नीट मांडते. तो खरा की खोटा हे त्याला कळत नाही. चुकीचा पृष्ठांकही ते तितक्याच देखणेपणाने छापते. तेव्हा विहारातल्या वा शाळेतल्या ग्रंथालयात टिपण घेतानाच, वाक्य उतरवल्याबरोबर, आवृत्ती आणि पृष्ठ लिहून ठेवावे. नंतर आठवून लिहिलेला आकडा म्हणजे तोंडी सांगितलेला बांध. उद्या कोणी ‘कुठे लिहिले आहे?’ असे विचारले, तर आपल्या विद्यार्थ्याने वाद घालू नये. ग्रंथ उघडून पान पुढे करावे.