रिळावरच्या आकड्यांचा हिशेब

४००० म्हणजे किती?

स्पिनिंग रिळावर १०००, २५००, ४०००, ६००० असे आकडे असतात. ते ना ग्रॅमचे, ना मीटरचे. आकडा वाढला की रीळ मोठं, वजनदार आणि जास्त दोरा घेणारं, एवढंच. त्यातही प्रत्येक कंपनीची तऱ्हा वेगळी. पेनच्या काही मालिकांची चढण २५००, ३५००, ४५०० अशी. शिमानोचं सी-३००० म्हणजे अंग २५००चं आणि स्पूल, म्हणजे दोरा गुंडाळायची फिरकी, ३०००ची. दायवाने २०१८ मध्ये एलटी मालिका आणली आणि आकड्यांची मांडणीच बदलली. तेव्हा दुकानात नुसतं ‘चार हजारचं द्या’ म्हणू नका, स्पूलची कड वाचा.

कडेवरचं गणित

तिथे ०.३०–१५० असं काही छापलेलं असतं: ०.३० मिलिमीटर जाडीचा तंगूस १५० मीटर मावतो. काही रिळांवर हेच पौंड आणि यार्डांत असतं. १५० यार्ड म्हणजे जेमतेम १३७ मीटर, हे विसरून दोरा मागवणारे बरेच.

जाडी बदलली तर? जागा तेवढीच, पण ती जाडीच्या वर्गाने खाल्ली जाते. ०.३० ला ०.२० ने भागा, उत्तराचा वर्ग करा: २.२५. म्हणजे १५० च्या जागी सुमारे ३३७ मीटर. उलट ०.३५चा दोरा घेतलात तर ११० मीटरवरच स्पूल भरतं. अर्ध्या दशांश मिलिमीटरला चाळीस मीटरचा फटका!

विणलेल्या दोऱ्यावरचा पीई आकडा सोपा. तो जाडीचा नव्हे, जाडीच्या वर्गाचा माग ठेवतो. पीई १ जिथे ३०० मीटर मावतो, तिथे पीई २ साधारण १५०.

भरताना

विणलेला दोरा गुळगुळीत स्पूलवर थेट गुंडाळला तर माशाने ओढ घेताच अख्खा गठ्ठा गरगर फिरतो आणि ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक, कितीही आवळा, उपयोग नाही. तळाशी तंगूसचे काही वेढे द्यावेत. वर कडेपासून दीड-दोन मिलिमीटर जागा सोडावी. काठोकाठ भरलं की वेटोळी सुटून गुंता होतो; कमी भरलं तर दोरा कडेला घासतो आणि फेक तोकडी पडते.

कोकणात कोणतं?

जेटीवर किंवा खाडीत जिताडा, तांबोशी गरवायची तर ३०००–४००० आणि पीई २चा दोनशे मीटर दोरा पुष्कळ झाला. हे मासे लांब पळत नाहीत, लगेच दगडांत नाहीतर तिवरांच्या मुळांत घुसतात. तिथे तीनशे मीटरपेक्षा गळाजवळचा जाड दोरा, म्हणजे लीडर, आणि घट्ट ड्रॅग कामाला येतो. कातळावरून मोठ्या ट्रेव्हलीसाठी मात्र ६०००च्या पुढेच जावं. हौसेने खाडीत दहा हजारी रीळ नेणारे भेटतात. तासाभरात मनगट बोलायला लागतं.