फाल्गुन-चैत्रातली गारपीट

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर, दख्खनच्या पठारावर वसलेलं आहे. मार्चमध्ये इथली हवा कोरडी असते, म्हणून दुपारी पारा पस्तिशीला टेकतो आणि पहाटे निफाडकडे गोधडी लागते. आभाळ निरभ्र असलं की जमिनीतली उष्णता रात्रीत निघून जाते.

खरा घात होतो तो वरच्या हवेमुळे. तापलेल्या जमिनीवरची हवा वर चढते, समुद्रावरून आलेलं बाष्प तिला मिळतं आणि उंचावर पश्चिमेकडून थंड वारे येतात. मग तासाभरात ढग उभे राहतात. वर उसळणारा वारा पाण्याचे थेंब गोठण पातळीच्या वर नेतो. त्यांवर बर्फाचे थर चढत जातात आणि वजन पेलेनासं झालं की गारा कोसळतात.

२०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये अशा गारपिटीने राज्यभर पिकं झोडपली. द्राक्षाचा पिकलेला मणी नुसत्या पावसानेही तडकतो, मग घडाला बुरशी लागते. काढणीला आलेला उन्हाळ कांदा भिजला तर चाळीत सडतो. वर्षभराची मेहनत अशी एका दुपारी मातीत जाते, म्हणून हवामान खात्याचा इशारा मिळताच काढलेला कांदा झाकायला हवा.