लिनक्स प्रणालीतील कळफलक व माउस यांचा विसंवाद : कारणे व निदान

संगणक प्रयोगशाळेत लिनक्स वापरताना माउसचा दर्शक पडद्यावर सैरावैरा धावू लागणे, अथवा माउस अडताच कळफलकही निरुत्तर होणे, असे प्रकार आढळतात. अशा वेळी उपकरण निकामी ठरवून नव्याची मागणी नोंदविली जाते. वास्तविक पुष्कळदा उपकरण सुस्थितीत असते. प्रस्तुत लेखात दोषाचे स्थान कसे निश्चित करावे, याचा विचार केला आहे.

आयबीएमने १९८७ मध्ये आणलेल्या पीएस/२ संगणकांतील गोल जोडणी जुन्या यंत्रांवर आजही दिसते. तीत कळफलक व माउस यांच्यासाठी खोबणी दोन असल्या तरी नियंत्रक एकच असतो. लिनक्स त्यास आय८०४२ म्हणते. कळफलकाचा इंटरप्ट क्रमांक १ व माउसचा १२ होय. मात्र दोहोंची माहिती एकाच पोर्टमधून वाचली जाते. त्यामुळे एकाचा दोष दुसऱ्यास भोवतो.

निदानाची सोपी कसोटी अशी : 'प्रॉक' निर्देशिकेतील 'इंटरप्ट्स' ही फाइल वाचावी, माउस हलवावा व ती पुन्हा वाचावी. क्रमांक १२ समोरील आकडा वाढला असल्यास तार व नियंत्रक कार्यरत आहेत आणि दोष वरच्या स्तरावर, म्हणजे ड्रायव्हरमध्ये अथवा चित्रमय प्रणालीत शोधावा. आकडा स्थिर राहिल्यासच उपकरणाकडे वळावे.

दर्शक सैरावैरा धावण्यामागील कारण विशेष उद्बोधक आहे. साधा पीएस/२ माउस प्रत्येक हालचाल ३ बाइटांत कळवितो, चाक असलेला ४ बाइटांत. अनेक संगणकांना एकच कळफलक-माउस जोडणाऱ्या केव्हीएम स्विचमुळे माउस कधीकधी मूळ ३ बाइटांच्या अवस्थेत परततो. ड्रायव्हर मात्र ४ बाइटांचीच अपेक्षा करीत राहतो. साहजिकच पुढील संदेशाचा पहिला बाइट चाकाचा मानला जातो व सारा अर्थ सरकतो. कर्नलच्या नोंदींत 'लॉस्ट सिंक्रोनायझेशन' असा उल्लेख सापडल्यास हेच निदान समजावे. 'पीएसमाउस' मॉड्यूल काढून पुन्हा बसविल्यास माउस ताळ्यावर येतो. वारंवार तसे घडत असेल तर त्याच मॉड्यूलच्या 'प्रोटो' या पर्यायास 'बेअर' हे मूल्य द्यावे. चाकाची सोय मात्र गमवावी लागते.

यूएसबी कळफलक असलेल्या यंत्रांत निराळीच अडचण उद्भवते. तो पीएस/२ असल्याचे बायोस भासविते आणि या सोंगामुळे लिनक्सकडून होणारी नियंत्रकाची तपासणी फसू शकते. बायोसमधील 'यूएसबी लेगसी सपोर्ट' बंद करून पाहावे. (त्यानंतर काही यंत्रांवर आरंभीच्या निवडसूचीत कळफलक चालत नाही, हे ध्यानी ठेवलेले बरे.)

एक क्लिक दोनदा नोंदली जात असल्यास एक्स सर्व्हरची जुनी संरचना-फाइल तपासावी. डिसेंबर २००३ मधील २.६ कर्नलपासून सर्व माउसांची माहिती एका सामायिक फाइलमध्ये एकत्र मिळते; तिच्या जोडीला जुने 'पीएसऑक्स' हे नावही नोंदलेले असल्यास तीच हालचाल दोन वाटांनी पोहोचते. यांपैकी एक नोंद काढून टाकावी.