मुलांनीं ही जादू पाहावी काय?

मुलांच्या हातीं कोणतें पुस्तक द्यावें आणि कोणतें कपाटांत ठेवावें, हा प्रश्न सुशिक्षित घरांत नवीन नाहीं. पुस्तकाची जागा आतां बव्हंशीं दूरचित्रवाणीनें व मोबाईलनें घेतली आहे, एवढाच काय तो फरक. जपानी चित्रमालिकांत, ज्यांस 'ॲनिमे' म्हणतात त्यांत, 'जादूगार मुलगी' हा एक स्वतंत्र प्रकार आहे. शाळेंत जाणाऱ्या साध्या मुलीस अकस्मात् कांहीं अद्भुत शक्ति लाभते व तिच्या बळावर ती संकटांशीं झुंजते, असें त्याचें सामान्य कथानक. या मालिका जगभर पसरल्या, तेव्हां धर्मनिष्ठ ख्रिस्ती आईबापांपुढें पेंच पडला: जो जादूटोणा आमचें शास्त्र निषिद्ध मानतें, तोच आमच्या मुलींनीं कौतुकानें पाहावा काय? प्रश्न ख्रिस्ती घरांचा खरा. परंतु त्याचा निकाल कोणत्या कसोटीवर लावावा, हें कोणाही आईबापांनीं विचारांत घेण्यासारखें आहे.

हा आक्षेप निव्वळ भाबडेपणाचा आहे असें समजणें अन्यायाचें होईल. बायबलांतील 'अनुवाद' या ग्रंथाच्या अठराव्या अध्यायांत शकुन पाहणें, मंत्रतंत्र करणें व मृतांस प्रश्न विचारणें यांचा स्पष्ट निषेध आहे. शौल राजा संकटकाळीं एनदोर येथील भूतविद्या जाणणाऱ्या स्त्रीकडे गेला आणि लौकरच रणांत त्याचा अंत झाला. इफिस नगरांतील नवख्रिस्ती लोकांनीं आपल्या जादूच्या पोथ्या सर्वांदेखत जाळल्या, असें 'प्रेषितांचीं कृत्यें' या ग्रंथांत सांगितलें आहे. ईश्वरावरील भरंवसा सोडून मनुष्यानें गुप्त शक्तींकडे भविष्य व सामर्थ्य मागूं नये, हें या निषेधाचें मर्म होय.

परंतु दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. सी. एस. लुईस हे ख्रिस्ती धर्माचे नामांकित पुरस्कर्ते. त्यांच्या नार्नियाच्या सात कथा १९५० ते १९५६ या काळांत प्रसिद्ध झाल्या व त्यांत चेटकीण आहे, मंत्र आहेत, बोलणारे पशूही आहेत. त्यांचे स्नेही टोल्किन हे निष्ठावंत कॅथॉलिक. त्यांच्या कथेंतही जादूगार आहेच. तेव्हां कथेंत जादू असणें आणि कथेनें जादूटोण्याची दीक्षा देणें, या दोन गोष्टी भिन्न आहेत, हें श्रद्धावान् मंडळींनींच मान्य केलेलें आहे. शिवाय 'जादूगार मुलगी' या प्रकाराचा उगम कांहीं गूढ पंथांत नाहीं. १९६६ सालीं जपानांत सुरू झालेली 'साली' ही या प्रकारची पहिली मालिका समजतात. तिची स्फूर्ति मिळाली ती 'बिविच्ड' नांवाच्या अमेरिकन विनोदी मालिकेवरून!

आतां प्रत्यक्ष उदाहरण घेऊं. 'क्लँप' नांवाच्या लेखिका-चित्रकर्त्रींच्या मंडळाची 'कार्डकॅप्टर साकुरा' ही चित्रकथा 'नाकायोशी' मासिकांत १९९६ ते २००० पर्यंत क्रमशः आली. तिजवरील सत्तर भागांची मालिका १९९८ ते २००० या काळांत जपानांत दाखविली गेली, आणि २०१८ सालीं तिचा उत्तरभागही निघाला. नायिका साकुरा दहा वर्षांची, चौथ्या इयत्तेंतली. वडिलांच्या ग्रंथसंग्रहांत तिला एक पुस्तक सांपडतें. तें उघडतांच त्यांतील मंतरलेले पत्ते वाऱ्यानें उडून गांवभर विखुरतात व ते उपद्रव करूं लागतात. ते पुन्हां गोळा करण्याचें काम तिच्यावर येतें. आपल्या हातून घडलें तें आपणच निस्तरावें, हा या कथेचा पाया आहे.

घरचें चित्रही मोठें सात्त्विक आहे. साकुरा तीन वर्षांची असतांनाच तिची आई वारली. वडील प्राध्यापक, ते, थोरला भाऊ व साकुरा घरकाम वांटून घेतात. रोज सकाळीं ती आईच्या तसबिरीस सुप्रभात म्हणते. पत्त्यांचा परीक्षक युए शेवटीं तिची कठोर परीक्षा घेतो. तींत ती उतरली नाहीं तर तिची व तिच्या आप्तेष्टांची सर्वांत प्रिय भावना पुसली जावयाची असते. साकुरा जिंकते, पण पत्त्यांचा धनी होण्याचा हक्क गाजवीत नाहीं. मला तुमचें धनीपण नको, मैत्री हवी, असें तिचें म्हणणें. सामर्थ्य हातीं आल्यावर नम्र राहणारी ही मुलगी कोणत्या ख्रिस्ती आईस आवडणार नाहीं?

तरीही हरकत घेण्याजोगें एक स्थळ आहे. हे पत्ते टॅरो नांवाच्या भविष्यदर्शी पत्त्यांशीं मिळतेजुळते आहेत, आणि त्यांचा रक्षक केरो साकुरास त्यांवरून शकुन पाहावयास शिकवितो. परीकथेंतील छडी कोणत्याही दुकानीं खरी मिळत नाहीं. भविष्य पाहण्याचे पत्ते मात्र खरोखरच मिळतात. शास्त्राचा निषेध नेमका येथें लागू पडतो, व येथें आईनें मुलीजवळ बसून चार शब्द बोलावेत. त्यासाठीं याच मालिकेंत एक उत्तम प्रसंग आहे. मृत आईचा भास होऊन साकुरा त्याच्या मागें धांवते व कड्यावरून खालीं पडते. आई आपल्याला संकटांत लोटणार नाहीं हें उमजल्यावर तो एका पत्त्याचा खेळ असल्याचें तिच्या ध्यानीं येतें. शौलाच्या कथेजवळ ठेवून हा भाग पाहिला, तर मृतांच्या मागें लागण्याचा धोका मुलास सहज पटेल.

परंतु जादूवर डोळा ठेवणाऱ्यांच्या नजरेंतून निसटतें तें निराळेंच. मूळ चित्रकथेंत साकुराच्या वर्गांतील एक मुलगी व तिचे शिक्षक यांचें प्रेम दाखविलें असून, शिक्षक त्या बालिकेस वाङ्निश्चयाची आंगठी देतात. चित्रमालिकेंत हा भाग बराच सौम्य केलेला आहे. साकुराच्या आईचें लग्नही सोळाव्या वर्षीं, आपल्याच शिक्षकाशीं झालेलें. हें सारें गोड रंगांत रंगविलेलें असल्यामुळें अधिकच जपावयास हवें. कारण मोठ्या माणसानें लहान मुलीशीं असें वागूं नये, हा धडा मुलीस आयुष्यभर उपयोगी पडणारा आहे. मैत्रीण तोमोयोचें साकुरावरील प्रेम व थोरल्या भावाचें मित्रावरील प्रेम याही कथेंत आहेत. यासंबंधीं ख्रिस्ती पंथोपपंथांत तीव्र मतभेद आहेत. निदान आईबापांनीं तें आधीं जाणून असावें.

२००० सालीं अमेरिकेंत ही मालिका 'कार्डकॅप्टर्स' या नांवानें दाखविली, तेव्हां सत्तरांपैकीं एकोणचाळीसच भाग ठेवले. मुलग्यांस आकर्षण वाटावें म्हणून कथेचा आरंभ श्याओलान या मुलाच्या आगमनापासून केला व प्रेमाचे प्रसंग कापले. जादू मात्र तशीच राहिली! परक्यांच्या कात्रीवर विसंबणाऱ्या आईबापांनीं एवढें लक्षांत ठेवावें कीं, ती कात्री व्यापाऱ्याची होती, धर्मोपदेशकाची नव्हे.

प्रकाराच्या नांवावर विसंबणेंही तितकेंच धोक्याचें. २०११ सालची 'मादोका माजिका' ही मालिकाही 'जादूगार मुलगी' याच सदरांत मोडते. रात्रीं उशिरां दाखविल्या जाणाऱ्या या मालिकेंत एका इच्छेच्या मोबदल्यांत मुलींचा आत्मा देहापासून वेगळा काढला जातो, आणि तिसऱ्याच भागांत एकीचा भीषण मृत्यु होतो. आत्म्याच्या सौद्यावरील ही कथा प्रौढ ख्रिस्ती वाचकास कदाचित् फार अर्थपूर्ण वाटेल. आठ वर्षांच्या मुलीस ती मुळींच दाखवूं नये.

सारांश, नऊदहा वर्षांच्या मुलीनें साकुराची मालिका आईच्या संगतीनें अवश्य पाहावी. चित्रकथेचें पुस्तक मात्र आधीं आईनें स्वतः वाचावें. तरीही एखाद्या घरानें ती वर्ज्य केली, तर इतरांनीं त्यास हंसूं नये. मूर्तीस वाहिलेलें अन्न ज्ञानी मनुष्यास बाधत नसलें, तरी ज्या बंधूचें मन त्यामुळें डळमळतें त्याच्यासाठीं तें सोडावें, असें पौलानें करिंथकरांस कळविलें होतें. जेथें चार चुलतभावंडें एकाच दिवाणखान्यांत बसून पाहतात, तेथें ही शिकवण विशेष लागू आहे. एका जावेनें हरकत घेतली असतां दुसरीनें आपल्या मुलांस तीच मालिका मोठ्या आवाजांत लावून देणें, यांत शहाणपण नाहीं. मुलें जादू विसरतील. मोठ्यांनीं एकमेकांच्या श्रद्धेचा मान कसा राखला, तें मात्र तीं विसरणार नाहींत.