समुपदेशक व्हायचे आहे? शाखा पाहा, सराव मोजा

पदवीचे शेवटचे वर्ष सुरू झाले की घराघरात 'आता पुढे काय?' हा प्रश्न येतो. बी.एड., एम.कॉम., स्पर्धा परीक्षा ही नावे आपल्या ओळखीची आहेत. अलीकडे मात्र मुली, आणि काही मुलगेही, एक नवे नाव घेऊन येतात : "अम्मी, मला समुपदेशन शिकायचे आहे." ऐकायला चांगले वाटते, पण नेमके काय ते कळत नाही. म्हणजे डॉक्टर व्हायचे का? नोकरी कुठे लागते? दोन महिन्यांचे सर्टिफिकेट करून भागत नाही का? दोन वर्षे आणि एवढी फी कशासाठी?

अब्बांचे हे प्रश्न मुलीला नाउमेद करण्यासाठी नसतात, ते रास्तच आहेत. म्हणून या लेखात आम्ही समुपदेशनाच्या पदव्युत्तर शिक्षणाची माहिती देत आहोत. त्यात कोणत्या शाखा असतात, प्रत्यक्ष सराव किती लागतो आणि प्रवेशाआधी काय विचारायचे, ते पाहू.

सल्ला वेगळा, समुपदेशन वेगळे

आपल्याकडे सल्ला देणाऱ्यांची कमतरता नाही. फुफी आहे, चाचा आहेत, मोहल्ल्यातले बुजुर्ग आहेत, मौलाना साहेब आहेत. त्यांचा मान आणि त्यांची जागा कायम राहणारच. पण समुपदेशक सल्ला देत नाही. तो ऐकतो, प्रश्न विचारतो, माणसाला स्वतःचा निर्णय घेण्यापर्यंत आणतो. आणि गोष्ट आपल्या आवाक्याबाहेरची असेल तर ती वेळीच ओळखून मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवतो.

समजा, नवीन लग्न झालेली एक मुलगी माहेरी आली आहे. झोप नाही, जेवण नाही, आणि एकदा बोलता बोलता म्हणते, "मी नसते तर बरे झाले असते." जवळची बाई प्रेमाने म्हणेल, "असे बोलू नये बेटा, सब्र कर." त्यात माया आहे, पण मुलगी गप्प होते. शिकलेला समुपदेशक तिला शांतपणे सरळ विचारतो : जीव द्यावा असे मनात येते का? कधीपासून? काही ठरवले आहे का? आज रात्री तुझ्याजवळ कोण असेल? असे विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही, उलट बोलायला वाट मिळते. हे विचारायला धीर लागतो, आणि उत्तर 'हो' आले तर पुढे काय करायचे ते माहीत असावे लागते. ते पुस्तक वाचून येत नाही. दोन वर्षे लागतात ती यासाठी.

मनाच्या दुखण्याकडे असे बारकाईने पाहणे आपल्याला परके नाही. नवव्या-दहाव्या शतकात बल्खचे अबू ज़ैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन या दोहोंच्या स्वास्थ्यावर एक ग्रंथ लिहिला. त्यात भीती, राग, दुःख आणि वसवसा यांचा वेगवेगळा विचार केलेला आहे.

तिघांची कामे तीन

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे एम.बी.बी.एस. होऊन पुढे मानसोपचाराचे शिक्षण घेतलेला डॉक्टर. मानसिक आजारावर औषध लिहून देणे हे डॉक्टरचे काम आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मानसिक आजारांचे मूल्यमापन आणि मानसोपचार करतो. त्याला 1992 च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते. समुपदेशक नातेसंबंध, अभ्यास, करिअर, शोक, ताण, व्यसन अशा अडचणींत बोलण्याच्या मार्गाने मदत करतो. तो औषध देत नाही.

समुपदेशन शाखेत एम.ए. झालेल्या मुलीने दारावर 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' अशी पाटी लावता कामा नये. हे आधी कळले नाही तर दोन वर्षांनी पस्तावण्याची वेळ येते.

शाखा कोणकोणत्या?

मुंबई विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागाच्या नावातच 'समुपदेशन केंद्र' हे शब्द आहेत. मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था 1936 पासून सामाजिक क्षेत्रातले शिक्षण देत आहे. तिथल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठी आता सीयूईटी ही देशपातळीवरची परीक्षा द्यावी लागते. ठिकाणाप्रमाणे नावे थोडी बदलतात, पण मुख्य वाटा अशा आहेत :

समुपदेशन मानसशास्त्र : ही सर्वांत मोकळी शाखा. कॉलेज, सामाजिक संस्था, हेल्पलाइन, कंपन्या, दवाखाने अशा अनेक ठिकाणी काम मिळू शकते. नेमके कोणासोबत काम करायचे हे अजून ठरलेले नसेल तर ही शाखा सोयीची.

शालेय समुपदेशन : मुलांचा अभ्यास, भीती, दादागिरी, मोबाइल, वयात येतानाचे प्रश्न, पालकांशी बोलणी. बी.एड. झालेल्या शिक्षिकांना ही वाट जवळची आहे. एनसीईआरटीचा एक वर्षाचा मार्गदर्शन व समुपदेशन डिप्लोमा याच कामासाठी आहे. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांसंबंधी एका निकालात मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यानुसार 100 किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असायला हवा. आपल्या शाळा आणि कनिष्ठ महाविद्यालये यात येतात.

विवाह व कुटुंब : 1984 च्या कायद्याने कौटुंबिक न्यायालये आली, आणि त्याच कायद्यात समुपदेशकांची तरतूद आहे. त्याच वर्षी मुंबईत टाटा संस्थेच्या पुढाकाराने पोलिसांसोबत महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष सुरू झाला. निकाह, खुला, पोटगी, मुलांचा ताबा यांतून जाणारी कुटुंबे अशा ठिकाणी येतात. इथे मानसशास्त्राबरोबर कायद्याची प्राथमिक ओळखही हवी.

व्यसनमुक्ती आणि पुनर्वसन : पुण्याचे मुक्तांगण 1986 पासून हे काम करत आहे. व्यसनी माणसाइतकेच त्याच्या बायकोशी आणि आईशीही बोलावे लागते. काम दमवणारे आहे, पण माणूस सावरताना डोळ्यांनी दिसतो.

समाजकार्य : एम.एस.डब्ल्यू. करून वैद्यकीय आणि मानसोपचार समाजकार्यात जाता येते. अनेक सरकारी पदांच्या जाहिरातीत मानसशास्त्राऐवजी हीच पदवी मागितलेली असते. म्हणून मुलीला सरकारी नोकरीच हवी असेल तर आधी चार-पाच जुन्या जाहिराती वाचाव्या आणि मग शाखा ठरवावी.

क्लिनिकल : ही वाट सर्वांत लांब. आतापर्यंत मानसशास्त्रात एम.ए. करून पुढे पुनर्वास परिषदेचा मान्यताप्राप्त दोन वर्षांचा एम.फिल. करावा लागत असे. नव्या शैक्षणिक धोरणाने एम.फिल. बंद केली. क्लिनिकलसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने 2025-26 पर्यंतच्या प्रवेशांना मुभा दिली होती. आता त्याजागी परिषदेचे नवे अभ्यासक्रम आले आहेत. प्रवेश घेताना संस्थेचे नाव परिषदेच्या चालू यादीत आहे का, ते आपण स्वतः पाहावे. 'मान्यता लवकरच मिळणार आहे' या शब्दावर पैसे भरू नयेत.

खरे शिक्षण वर्गाबाहेर

चांगल्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षी व्यक्तिमत्त्व, वाढ आणि विकास, मानसिक आजारांची ओळख, समुपदेशनाच्या पद्धती, चाचण्या आणि संशोधन हे विषय असतात. पण समुपदेशक तयार होतो तो सरावात. विद्यार्थी आधी एकमेकांसोबत सराव करतात. मग शाळा, रुग्णालय, संस्था अशा ठिकाणी जाऊन खऱ्या माणसांना भेटतात. प्रत्येक भेटीची नोंद ठेवतात आणि ती घेऊन अनुभवी शिक्षकासमोर बसतात. कुठे घाई केली, कुठे आपलेच मत लादले, कुठे समोरच्याचे रडणे सहन झाले नाही, हे तिथे उघड होते. याला देखरेखीखालचा सराव म्हणतात. देखरेख नसेल तर सरावाचे तास फक्त कागदावर राहतात.

किती तास पुरेसे? मापासाठी एक उदाहरण घेऊ. अमेरिकेत समुपदेशनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांना मान्यता देणारी केक्रेप ही संस्था आधी 100 तासांचा सराव मागते, त्यातले 40 तास प्रत्यक्ष माणसांसोबत. त्यानंतर 600 तासांची इंटर्नशिप, त्यातले किमान 240 तास प्रत्यक्ष माणसांसोबत. शिवाय दर आठवड्याला देखरेख वेगळी. आपल्याकडचे नियम वेगळे आहेत, पण हे माप मनात असले की 'आठ रविवारांत समुपदेशक व्हा' ही जाहिरात किती तोकडी आहे ते समजते.

शिकणाऱ्याला स्वतःकडेही पाहावे लागते. आपल्याच घरातले एखादे दुःख मनात ओले असेल आणि समोर तसेच दुःख घेऊन कोणी आले, तर काय होईल? म्हणून बरेच शिक्षक विद्यार्थ्यांना स्वतः समुपदेशन घेण्याचा सल्ला देतात. घरच्यांनी त्याचा वेगळा अर्थ काढू नये. मुलगी आजारी आहे असे नाही, ती आपले हत्यार स्वच्छ करते आहे.

आणि शेवटचा, पण सर्वांत कडक धडा गुप्ततेचा. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. आपल्या वस्त्या लहान, नाती गुंतलेली. आज जी बाई समोर रडली ती उद्या एखाद्या वलीम्यात भेटणार. तिथे तिने नजर चुकवली तर चुकवू द्यायची, आणि घरी येऊन अम्मीलासुद्धा काही सांगायचे नाही. अम्मीनेही विचारायचे नाही.

घरबसल्या पदवी?

अनेक मुली, विशेषतः लग्न झालेल्या, दूरशिक्षणाची चौकशी करतात. 2021 मध्ये संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला. त्याच्या यादीत मानसशास्त्रज्ञ आणि काही प्रकारचे समुपदेशकही आहेत. त्या आधारे विद्यापीठ अनुदान आयोगाने 2025 च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राचे दूरशिक्षण व ऑनलाइन अभ्यासक्रम चालवण्यास मनाई केली. तरीही कोणी 'घरबसल्या मानसशास्त्रात एम.ए.' अशी जाहिरात करत असेल तर तिथे थांबावे. बंदी कडक वाटेल, पण समोर माणूस न बसवता समुपदेशन कसे शिकणार?

मग घरच्यांनी सोय करायला हवी. इंटर्नशिप रुग्णालयात असेल, कधी व्यसनमुक्ती केंद्रात असेल, यायला उशीर होईल. 'तिथे कशाला जायचे' असे दुसऱ्या वर्षी म्हणण्यापेक्षा प्रवेशाआधीच एकत्र बसून बोलावे. पैशांसाठी मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या शैक्षणिक कर्जाची चौकशी करता येईल.

फी भरण्याआधी विचारा

पदवी कोणत्या विद्यापीठाची, आणि गुणपत्रिकेवर शाखेचे नाव काय छापले जाते?
पदवीला मानसशास्त्र नसेल तर प्रवेश मिळतो का?
प्रत्यक्ष माणसांसोबत सरावाचे तास किती, आणि कुठे?
देखरेख कोण करते, आठवड्यातून किती वेळा?
इंटर्नशिपची जागा संस्था देते, की आपणच शोधायची?
कोणत्या परिषदेकडे नोंदणी होऊ शकते?
मागच्या तुकडीतल्या दोन-तीन मुली आज कुठे काम करतात? त्यांच्याशी बोलता येईल का?

शेवटच्या प्रश्नाला टाळाटाळ झाली तर तेही एक उत्तरच समजावे.

आपल्या बोलीतला माणूस

निम्हान्सने 12 राज्यांत केलेल्या 2015-16 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दिसले की वेगवेगळ्या मानसिक आजारांत 70 ते 92 टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचत नाहीत. कारणे अनेक आहेत, त्यातले एक भाषा. आपल्या आयाबहिणी 'डिप्रेशन' म्हणत नाहीत. त्या म्हणतात, 'जी घबराता', 'दिल बैठता', 'छातीवर ओझे आहे', 'कुणाची नजर लागली'. हे ऐकून न हसणारा, 'असर'ची गोष्ट झिडकारून न टाकणारा, आणि तरीही योग्य वेळी डॉक्टरकडे नेणारा माणूस हवा. गुजरातमधील उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात दवा आणि दुआ एकत्र चालवण्याचा प्रयोग झाला आहे. दर्ग्यात येणाऱ्यांना तिथेच मानसिक उपचारही मिळतात. श्रद्धा न दुखवता उपचारापर्यंत नेता येते, ते असे.

तोवर कुणाला मदत लागली तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन 14416 या क्रमांकावर दिवसरात्र मोफत आहे. आणि घरातली एखादी मुलगी उद्या या क्रमांकाच्या पलीकडे बसू पाहत असेल, तर तिला थांबवू नका. तिच्यासोबत बसा, वरचे सात प्रश्न कागदावर लिहा आणि पहिल्या कॉलेजला फोन लावा.